भिंतीपलीकडचं सुतक

कोल्हापूरला जाऊन आले असं म्हटलं की आमच्याकडची माणसं ठरलेलं विचारतात. अंबाबाईचं दर्शन झालं का, चपला आणल्या का, तांबडा रस्सा झेपला का. एकदाच सांगून टाकते. दर्शन झालं, चपला आणल्या आणि त्या अजून चावतात, रस्सा काही झेपला नाही. आता मला तात्यांबद्दल सांगू द्या. कोल्हापूर म्हटलं की मला तेच आठवतात, आणि आठवले की जीव थाऱ्यावर राहत नाही.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी दक्षिण कोकणातल्या एका कॉलेजात एफ.वाय.बी.ए.ला होते. समाजशास्त्र घेतलं होतं ते सोपं असतं या एकाच कारणासाठी. आमचे सर व्याख्या सांगायचे, आम्ही उतरून घ्यायचो. एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचं खाणारी माणसं म्हणजे कुटुंब. ज्यांना एकमेकांचं सुतक लागतं ती भावकी. लिहा, पुढे. बहुधा सरांनाच स्वतःच्या सांगण्याचा कंटाळा आला असावा, कारण डिसेंबरात एक दिवस त्यांनी जाहीर केलं की कुटुंब हा धडा आपण वर्गात करायचा नाही, लोकांच्या घरात राहून करायचा. कसबा बावड्यात त्यांचा जुना मित्र शाळेत मास्तर होता. त्याने आपल्याच गल्लीतल्या घरांत आम्हा मुलींची सोय केली. सरांचा नियम एकच होता: विचारायचं कमी, बघायचं जास्त.

कसबा बावडा

बावड्यात शिरलो तर माणसांच्या आधी वास आला. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता आणि मळीचा आंबूस-गोड वास सगळ्या हवेत भरला होता. आमच्याकडे पावसाळ्यात झाडाखाली फणस कुजतात तेव्हा साधारण असा वास येतो. उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून उभ्या होत्या आणि त्यांच्या टेपवरच्या गाण्यांपुढे कोणाचंच कोणाला ऐकू येत नव्हतं. ऐकू येत नाही म्हणून इथली माणसं मोठ्याने बोलतात असं मला आधी वाटलं. नंतर कळलं की शांततेतही तसंच बोलतात.

मला दुसरं नवल वाटलं ते घरांचं. आमच्याकडे दोन घरांच्या मध्ये निदान एक आंबा आणि एक भांडण असतं. इथे घराला घर चिकटलेलं. दोघांत एकच भिंत, एकाने खिळा ठोकला तर दुसऱ्याच्या घरातला आरसा हलायचा.

मुलींच्या जोड्या पडल्या आणि मी एकटी उरले. मला मिळाले ते तात्या आणि काकी. तात्या पन्नाशी ओलांडलेले, उंच, पांढरा लेंगा-सदरा, टोपी आणि भरघोस मिश्या. दोन म्हशी आणि थोडं उसाचं रान. मुलगा पुण्याला कंपनीत. मी पिशवी घेऊन दारात उभी राहिले तर आतूनच ओरडले, "आलं व्हय पावणं? मग भाईर का हुभं? आत ये की! आमच्यात लाजायचं काम न्हाय."

आत गेले तर त्यांनी म्हशीखालून उठून फेसाळ दुधाचा तांब्याच माझ्या हातात दिला. "पी. नुसता मासा खाऊन कोकणात हाडं कशी धरत्यात कुणाला ठावं." ताजं, कोमट, न तापवलेलं दूध मी जन्मात प्यायले नव्हते. नाही म्हणायची सोय नव्हती. प्यायले, आणि संध्याकाळपर्यंत परसाकडे खेपा घातल्या. काकी प्रत्येक खेपेला पाण्याची बादली भरून ठेवत आणि नवऱ्यावर चिडत. "सगळ्यास्नी सोताच्या म्हशीचं रेडकूच समजत्यात ह्ये."

काकी बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. त्या रात्री ताटात भाकरी, वांग्याचं भरीत, खर्डा आणि एका बाजूला मऊ भात होता. घरात भात रोज होत नव्हता. कोकणातली पोर भाताशिवाय उपाशी राहील म्हणून त्यांनी शेजारून तांदूळ आणवून रांधला होता. पाहुणा अर्धपोटी राहिला तर त्या घराचं नाक कापलं जातं, हे इथलं शास्त्र. आमच्याकडे आग्रह एकदा करतात. इथे तुम्ही हात आडवा धरलात तर बोटांच्या फटीतून वाढतात.

सकाळी एक गंमत पाहिली. निदान तेव्हा मला ती गंमत वाटली. काकींनी चहाची कपबशी दिली, पण तात्या प्यायले नाहीत. कपबशी हातात धरून भिंतीकडे पाठ करून बसून राहिले. चहावर साय धरली. मग भिंतीपलीकडून कोणीतरी खोकलं. म्हाताऱ्या माणसाचा, छातीतून ओढून आणलेला खोकला. त्याबरोबर तात्यांनी बशी तोंडाला लावली आणि एका घोटात चहा संपवला.

पलीकडे कोण राहतं, मी विचारलं.

"हाईत कोण तरी," म्हणाले आणि उठले.

सरांनी नेमून दिलेला पहिलाच प्रश्न मी दुपारी विचारला. तुमच्या कुटुंबात माणसं किती? तात्या म्हणाले, "आमी दोगं. पोरगं धरलं तर तीन." स्वयंपाकघरातून काकींचा आवाज आला, "आन् भितीपल्याडची?" तात्यांनी विळा उचलला आणि ते वैरण कापायला निघून गेले.

मग काकींनी सांगितलं. पलीकडे तात्यांचे थोरले भाऊ आण्णा, त्यांची बायको आणि मुलगा विलास. विहीर दोघांत एक. पाण्याच्या पाळीवरून एका उन्हाळ्यात तंटा झाला. पाळी तात्यांची होती, ऊस आण्णांचा वाळत होता, आणि तात्यांनी मोटर बंद करू दिली नाही. साधी गोष्ट. पण आण्णा तसेच तावातावाने गल्लीत आले, चार माणसं गोळा केली आणि म्हणाले, "आजपासनं तुजं-माजं सुतक तुटलं. मी मेलो तर आंगूळसुदिक करू नगंस."

"आणि तात्या काय म्हणाले?"

"काय म्हनत्यात? त्येंनी तोडलं. ह्येंनी न्हाय तोडलं. ह्ये आजून तितंच हुभं हाईत." काकी भाकरी थापत होत्या, हात थांबला नाही. "आण्णा हल्ली हातरुणाला लागल्यात. ह्ये रोज खोकला आयकूस्तवर च्या घेत न्हाईत. मला म्हनत्यात, गरम पचत न्हाय."

भावाभावांचं भांडण आम्हा कोकणातल्यांना कोणी शिकवायला नको. एका फणसासाठी दोन पिढ्या कोर्टात जातात आमच्याकडे, वकिलांचे बंगले उभे राहतात. पण सुतक तोडल्याचं मी ऐकलं नव्हतं. भांडताना माणसं मेल्यानंतरचंसुद्धा तोडून टाकतात, हे मला नवीन होतं. मी सरांच्या व्याख्येखाली रेघ मारली आणि पुढे काय लिहावं ते सुचेना.

गुऱ्हाळावर

दुसऱ्या दिवशी तात्या मला रान दाखवायला घेऊन गेले. वाटेत त्यांच्या ओळखीचं गुऱ्हाळ होतं. मोठ्या कढईत रस उकळत होता, चिपाडांचा जाळ, चिकट धूर, आणि गुळव्या लांब दांड्याच्या फावड्याने ढवळत होता. गरम गूळ शेंगदाण्याबरोबर खायला दिला. जीभ भाजली तरी मी थांबले नाही. तात्या खूश झाले. "हां! आता कसं मानसात आलीस!"

परत येताना ते विहिरीपाशी थांबले. विहिरीवर दोन मोटरी होत्या, एक त्यांची, एक आण्णांची. त्यांनी स्वतःहून विषय काढला. काकी बोलल्या असणार हे त्यांनी ओळखलं होतं.

"त्येनं मला हितं पवायला शिकवलं," ते म्हणाले. "कमरंला दोर बांधून ढकलून द्यायचा. मी बुडायला लागलो की वर वडायचा आन् परत ढकलायचा." हसले. मग हसू गेलं. "बोलत न्हाय तर नगं बोलू दे. जित्तेपनी न्हाय बोलला. पर त्येचा खांदा म्या देनार. फुडला उजवा. त्यो धाकट्या भावाचा असतोय. त्यो काय कुनाच्या बापाला काडून घ्येता येत न्हाय."

ते काय मागत होते ते मला कळलं होतं. भावाने बोलावं ही आशा त्यांनी सोडलेली होती. त्याच्या तिरडीखाली उभं राहायला मिळावं, एवढंच उरलं होतं.

कळंबा

तिसऱ्या दिवशी सरांनी आम्हाला शहर दाखवलं. सकाळी देऊळ, मग शाहूपुरीत एका खाणावळीत तो रस्सा. पहिल्या भुरक्याला डोळ्यांतून पाणी आलं. वाढप्या माझ्याकडे बघून म्हणाला, "पांढरा घ्या पांढरा, लहान पोरं त्योच घेत्यात." आमचा वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्याने सर हसले.

दुपारी कळंब्याचा तलाव पाहिला. पाणी निवांत होतं, काठावर बाया कपडे धूत होत्या. येताना तुरुंगाची उंच भिंत लागली. बाहेर सावलीत माणसं बसली होती, भेटायला आलेली. एक बाई मांडीवर डबा घेऊन दाराकडे बघत होती. सर म्हणाले, "हे औपचारिक सामाजिक नियंत्रण. कायदा, पोलीस, तुरुंग. आणि रूढी, लोकलाज हे अनौपचारिक. परीक्षेला फरक विचारतात." मला विचारायचं होतं की सर, गल्लीत उभं राहून एका माणसाने एक वाक्य बोललं आणि दुसरा माणूस वर्षानुवर्षं भिंतीला पाठ लावून बसला, हे यांतलं कोणतं. विचारलं नाही. सगळ्या मुली फरक लिहून घेत होत्या.

पुन्हा बावडा

चौथ्या दिवशी सकाळी तात्या चहा घेऊन बसले, आणि खोकला आलाच नाही. म्हशी हंबरत होत्या, त्यांना कोणी उठून बघेना. काकी मला खुणेने गप्प राहा म्हणाल्या. मग भिंतीपलीकडे एक बाई ओरडली आणि पाठोपाठ हेल काढून रडणं सुरू झालं.

तात्यांच्या हातातली बशी खाली पडली. ते अनवाणी दाराकडे धावले. उंबऱ्यात थबकले, वळले, माझ्याकडे बघितलं. एवढ्या घाईतही बघितलं. काकींना म्हणाले, "पोरीला उपाशी ठिवू नगंस," आणि गेले.

त्यांनी हे का म्हटलं, मला आजही नीट सांगता येत नाही. दुसऱ्याच्या घरची पोर आपल्याकडे सोपवलेली, एवढंच त्या क्षणी सवयीने वर आलं असावं. मी काकींना म्हणाले, मला काही नको, मी मैत्रिणीकडे जाते, तुम्ही तिकडे जा. त्यांनी मान हलवली. त्यांचे डोळे वाहत होते आणि हात काटवटीत पीठ घेत होते. "नुसत्या च्यावर कुटं जात्यास? आज पुन्यांदा कोण बगनार तुला? दोन मिंटाचं काम." चहा गॅसवर व्हायचा. भाकरी मात्र त्या घरात कायम परसातल्या चुलीवर व्हायची. त्यांनी काटक्या सारल्या, फुंकर मारली. थंडीचा धूर, तो वर जाईना, कौलांवर पसरून राहिला.

आमच्याकडेही सुतकात चूल पेटवत नाहीत. पण आमच्या घरांच्या मध्ये झाडं असतात, कोणाला काय दिसतंय. इथे मढं उचलेपर्यंत भावकीतली एकही चूल पेटत नाही आणि सगळी गल्ली सगळ्यांचे धूर बघते. मी अर्धी भाकरी कशीबशी गिळली. तेवढ्यात मागच्या बोळातून एका बाईचा आवाज आला, खास मोठा केलेला. "अगं, धाकट्याची चूल पेटल्याली हाय की!"

काकींनी चुलीत पाणी ओतलं. फार उशीर झाला होता.

तिरडी उचलायच्या वेळी आम्ही बाया दाराशी उभ्या होतो. तात्या गर्दीतून पुढे आले आणि उजव्या बाजूच्या दांड्याला त्यांनी हात घातला. विलास आडवा आला. तिशीचा तरणा माणूस, डोळे सुजलेले. ओरडला नाही. कोल्हापुरात मी ऐकलेलं ते सगळ्यांत हळू बोलणं होतं.

"तात्या, मागं सरा. तुमच्या घरात चूल पेटलीया."

"पावनी हुती रं घरात. पोर हाय लोकाची."

"आण्णांनी तोडल्यालं आज तुमी खरं केलंसा. आता खांदा कशाचा देतासा?"

तात्यांनी दांडा सोडला नाही. विलासने त्यांची बोटं एकेक करून सोडवली. रागाने नाही, लहान मुलाच्या मुठीतून काहीतरी काढून घ्यावं तशी. चार वडीलधारी माणसं तिथे उभी होती. एकानेही तोंड उघडलं नाही. मला पुढे होऊन ओरडावंसं वाटत होतं की भाकरी माझ्यासाठी होती, मी खाल्ली. पण तिथे मी कोण होते? समाजशास्त्राचा पहिला पेपर.

सर आणि त्यांचे ते मास्तर मित्र घाटापर्यंत गेले होते. सरांनी नंतर सांगितलं, तात्या अंत्ययात्रेच्या बरेच मागून, एकटे चालत आले. पंचगंगेवर सगळ्यांनी पाणी दिलं तेव्हा ते वरच्या पायरीवर बसून होते. सगळे गेल्यावर खाली उतरले, न्हाव्याला बोलावलं, मिश्या आणि डोक्यावरचे केस उतरवून घेतले, नदीत बुडी मारली आणि ओल्या कपड्यांनी घरी आले.

सरांनी मला लगेच तिथून हलवून गल्लीतल्याच दुसऱ्या घरात ठेवलं, माझी मैत्रीण सुलभा जिथे होती तिथे. घर शालनवहिनींचं. सरांनी मला काही लिहायला सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी

ज्या घरात माणूस गेलं तिथे रक्षाविसर्जनापर्यंत काही शिजत नाही. गल्लीतली घरं भाकऱ्या आणि आमटी पाठवतात. सकाळपासून बाया टोपल्या घेऊन आण्णांच्या दारात जात होत्या. तात्यांचं दार त्याच्या अलीकडे. सगळ्या त्यावरून पुढे जात होत्या. दार उघडं होतं. आत काकी भिंतीशी बसलेल्या दिसत होत्या. परसातल्या चुलीत कालचंच पाणी होतं. आदल्या सकाळपासून त्या दोघांनी काही खाल्लेलं नव्हतं, आणि कोणी पाठवणार नव्हतं, कारण गल्लीच्या लेखी त्या घरात कोणी गेलंच नव्हतं.

शालनवहिनी भाकऱ्या फडक्यात बांधत होत्या. मी म्हणाले, "वहिनी, तात्यांकडच्या वेगळ्या बांधा."

"त्येंच्यात सुतक न्हाय म्हनत्यात गं."

"धरलंय त्यांनी. कालपासून चूल बंद आहे."

बाई वाईट नव्हत्या. त्यांना त्याच गल्लीत जन्म काढायचा होता, आणि मला दुपारची एसटी होती. "मला न्हाय जमायचं," म्हणाल्या. मग चार भाकऱ्या आणि आमटीचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि पाठ फिरवून पुन्हा पिठात हात घातला. "तू न्हे. तू पावनी हाईस."

मी ते घेऊन गल्लीतून चालले. कट्ट्यावरची माणसं बोलायची थांबली. टोपली घेऊन चाललेली एक बाई मला वाट द्यायला बाजूला झाली आणि मी कुठे वळते ते बघत उभी राहिली. मी तात्यांच्या दारात वळले.

तात्या घोंगड्यावर बसले होते. मिश्यांवाचून ते मला ओळखू आले नाहीत. चेहरा एकदम लहान झाला होता, उघडा पडला होता. मी फडकं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी त्याला हात लावला नाही.

"ह्ये कशापायी?"

"तुमच्याकडे सुतक आहे ना, तात्या. म्हणून आणल्या."

त्यांनी मान वर केली. मग म्हणाले, "परत म्हन."

मी परत म्हटलं.

"आसं न्हाय. मोट्यानं म्हन. भितीपल्याड जाऊ दे."

आम्ही कोकणातली माणसं हळू बोलणारी. मी सगळा जीव गोळा करून, रडत, ओरडून म्हटलं, "तात्या, तुमचा भाऊ गेला! तुमच्याकडे सुतक आहे!"

पलीकडचं रडणं एकदम थांबलं. भांड्याचासुद्धा आवाज नव्हता. मग भिंतीला अगदी लागून आण्णांच्या बायकोने हेल काढला, आणि त्यात तिने तात्यांचं लहानपणचं नाव घेतलं. म्हणाली, बाबू रं, तुजा दोर गेला रं.

कालपासून काकींना मोठ्याने रडायचा हक्क नव्हता. आता त्या भिंतीला कपाळ टेकून रडल्या. दोघी जावा, एकीच्या हेलाला दुसरी हेल जोडत. तात्यांनी फडक्याची गाठ सोडली, भाकरी मोडली, आणि ती हातात तशीच धरून ते हमसून हमसून रडू लागले.